एका गुंठ्याची गोष्ट : सुपा, गावठाण, गायरान आणि आपण विसरलेला नकाशा

पुणे-नगर रस्त्यानं सुप्याच्या जवळ आलात की दोन्ही बाजूंना बोर्ड सुरू होतात. 'एमआयडीसीपासून पाच मिनिटांवर', 'हायवे टच', 'एक गुंठा, दोन गुंठे, हप्त्यावर'. बोर्डावर हिरवं गवत आणि नारळाची झाडं छापलेली असतात. प्रत्यक्षात जागेवर चुन्याची फक्की, चार खुंट आणि मुरमाचा रस्ता असतो. नारळ तर सोडाच, बाभळही राहिलेली नसते.

या बोर्डांवर बरंच काही बोलता येईल. आज मात्र इतिहासाबद्दल लिहितोय, कारण हा गुंठा आला कुठून हे कळल्याशिवाय आपल्या गावांचं आज जे होतंय ते समजत नाही. पोस्ट मोठी आहे. वेळ काढून वाचा, आणि ग्रामसभेला जाणाऱ्या माणसापर्यंत पोचवा.

*३३ फूट कुठून आले?*

एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. हा तेहेतीसचा आकडा इंग्रजांच्या मोजणीतला. मुंबई इलाख्याच्या मोजणीत ३३ फुटी साखळी वापरत. तिचे सोळा भाग, म्हणजे सोळा आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद तो गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी १८३६ च्या आसपास इंदापूर तालुक्यापासून ही पद्धत बसवली आणि पुढं ती दख्खनभर पसरली. आपल्या पारनेर तालुक्यातला प्रत्येक सर्व्हे नंबर त्या साखळीची देणगी आहे.

त्याआधी गाव कसं मोजत? गावाचे दोन भाग धरत, पांढरी आणि काळी. पांढरी म्हणजे घरं जिथं आहेत ती जागा. पिढ्यान्‌पिढ्या मातीची घरं पडून, राख-शेण मिसळून तिथली माती पांढुरकी होते म्हणून पांढरी. काळी म्हणजे कसायची जमीन. आजही गावात 'पांढरीची शपथ' घेणारी म्हातारी माणसं भेटतात. आणि या दोन्हींच्या भोवती तिसरं काहीतरी होतं, ज्याला मालक एक नव्हता : माळ, कुरण, ओढ्याकाठ, देवाच्या नावानं राखलेली झाडी, जनावरं बसायची जागा, खळ्यांची जागा, बाजारतळ. त्रिंबक नारायण आत्रे यांचं १९१५ सालचं 'गावगाडा' वाचलंत तर कळेल की या सगळ्याच्या वापराला नियम होते, हक्क होते आणि भांडणंही होती.

पण एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. ही जुनी व्यवस्था काही रामराज्य नव्हतं. पांढरीला कूस होतं, आणि कुसाबाहेर कोणाची घरं होती हे सगळ्यांना माहीत आहे. पाणवठा वेगळा, मसणवटा वेगळा, वस्ती ओढ्याच्या किंवा वाऱ्याच्या खालच्या बाजूला. म्हणजे गावाचं 'नियोजन' होतं आणि ते जातीचं होतं. आज 'पूर्वी गाव किती छान होतं' असं म्हणताना कोणासाठी छान होतं, हे विचारायला हवं. पुढच्या गायरानाच्या गोष्टीत हा मुद्दा परत येणार आहे.

*मोजणीनं काय बदललं?*

मोजणीनं काळीचा प्रत्येक तुकडा वेगळा झाला. त्याला नंबर, त्यावर सारा, त्यापुढं एका माणसाचं नाव. जमीन गहाण टाकणं आणि विकणं सोपं झालं. त्याचा परिणाम १८७५ ला दिसला. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले, ते दख्खनचे दंगे. (दरवर्षी कोणीतरी ही घटना आपल्या सुप्याची म्हणून फॉरवर्ड करतो. ते सुपे पुणे जिल्ह्यातलं, आताच्या बारामती तालुक्यातलं. आपलं नव्हे. मात्र त्या दंग्यांचं लोण नगर जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंदा, कर्जत या भागात आलं होतं, हे खरं.)

त्यानंतर १८७९ ला मुंबईचा जमीन महसूल कायदा आला. त्याच्या ३८ व्या कलमात गावाच्या जनावरांना फुकट चराईसाठी जमीन राखून ठेवण्याची तरतूद होती. जी जागा गावानं रीतीनं राखली होती ती आता सरकारची झाली, आणि सरकारनं ती गावाला वापरायला दिली. वरवर फरक छोटा. पण मालकी सरकारची आणि वापर गावाचा, ही गाठ तेव्हा बसली. ती आजवर सुटलेली नाही.

गंमत बघा. ज्या इंग्लंडातून हे अधिकारी आले, तिथं अठराव्या-एकोणिसाव्या शतकात पार्लमेंटनं कायद्यावर कायदे करून गावोगावची सामाईक कुरणं कुंपणाआड घातली होती आणि बड्या जमीनदारांना वाटून दिली होती. उरलीसुरली वाचवायला त्यांना १९६५ मध्ये सामाईक जमिनींच्या नोंदणीचा वेगळा कायदा करावा लागला. आपण निदान कागदावर तरी ती राखली होती.

*एकाच वर्षाचे दोन कायदे*

आता १९६६ वर या. त्या वर्षी महाराष्ट्रानं जमिनीबद्दल दोन मोठे कायदे केले. एक, महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम. दुसरा, महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, ज्याला सगळे एमआरटीपी म्हणतात.

महसूल कायद्याचं कलम २२ काढून वाचा. जिल्हाधिकारी गावातली सरकारी जमीन कशाकशासाठी राखून ठेवू शकतो याची तिथं यादी आहे : जंगल किंवा जळण, जनावरांची मोफत चराई, गवत-वैरण, दफन-दहनाची जागा, गावठाण, मुक्कामाचा तळ, खळं, बाजार, कातडी कमावण्याची जागा, रस्ते, गल्ल्या, उद्यानं, गटारं. ही यादी म्हणजे एका गावाचा विकास आराखडाच आहे. कोणत्या आर्किटेक्टनं वेगळं काय सांगितलं असतं? कलम १२२ नं गावठाणाची हद्द ठरवायचा अधिकारही जिल्हाधिकाऱ्याला दिला.

पण ही यादी महसूल खात्याकडं राहिली. नकाशा काढणारं, रस्त्याची रुंदी आणि मोकळी जागा ठरवणारं नगररचना खातं दुसऱ्या कायद्याखाली होतं आणि त्याचं लक्ष शहरांवर होतं. शहराला विकास आराखडा मिळाला. गावाला सातबारा मिळाला. ग्रामपंचायतीकडं १९५८ च्या कायद्यानं बांधकाम परवानगीचा शिक्का होता, पण कुठं काय बांधायचं हे सांगणारा नकाशा नव्हता. साठ वर्षं होत आली, बहुतेक गावांची स्थिती तीच आहे.

या काळात गाव थांबून राहिलं नाही. विहिरी झाल्या, वीज आली, लोक पांढरीतली दाटीची घरं सोडून रानात वस्तीवर राहायला गेले. गावठाणात घरं पडकी आणि वारस आठ-आठ, त्यामुळं दुरुस्ती कोणी करत नाही. दुसरीकडं भूमिहीन माणसाला ना रान ना गावठाणात जागा. तो गेला गायरानात.

*गायरान : अतिक्रमण हा एकच शब्द*

दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ ला आणि परत १९६४-६५ ला भूमिहीनांनी सत्याग्रह केले, हजारो माणसं तुरुंगात गेली. मागणी सरळ होती : पडीक सरकारी जमीन कसणाऱ्याला द्या. पुढं २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयानं १४ एप्रिल १९९० पर्यंतची शेतीसाठीची अतिक्रमणं मागासवर्गीय भूमिहीनांच्या नावे करायचं ठरलं. अनेक गावांत गायरानाचा एक तुकडा तसा कसणाऱ्याच्या नावावर झाला. अनेक गावांत अजून प्रकरणं चालू आहेत.

मग २८ जानेवारी २०११ ला सर्वोच्च न्यायालयाचा जगपालसिंग विरुद्ध पंजाब सरकार हा निकाल आला. गावाच्या सामाईक जमिनी बळकावणं थांबवा, अतिक्रमणं काढा, असं सगळ्या राज्यांना सांगितलं. मात्र त्याच निकालात भूमिहीन, अनुसूचित जाती-जमातींना रीतसर दिलेल्या जमिनी आणि शाळा-दवाखान्यासारख्या सार्वजनिक कामांना अपवाद ठेवला होता. त्या आधारे १२ जुलै २०११ चा महाराष्ट्राचा शासन निर्णय निघाला. पुढं महसूल कायद्यात कलम २२-अ घालून गायरान दुसऱ्या कामाला वळवण्यावर निर्बंध आणले.

२०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं हा विषय स्वतःहून हाती घेतला. न्यायालयासमोर आलेले आकडे असे : राज्यात गायरान सुमारे ४.५२ लाख हेक्टर, त्यातलं अतिक्रमण सुमारे १० हजार हेक्टर, आणि त्यावरची बांधकामं २ लाख २२ हजारांच्या आसपास. नोव्हेंबर २०२२ मध्ये गावोगाव नोटिसा लागल्या. मी तेव्हा तालुक्याच्या बातम्या करत होतो. नोटीस हातात घेऊन तहसीलच्या पायऱ्यांवर बसलेली माणसं आठवतात. त्यात पत्र्याच्या खोलीत राहणारी विधवा होती आणि ढाबा बांधलेला पुढारीही होता. दोघांच्या कागदावर शब्द एकच होता, 'अतिक्रमण'. गदारोळ झाला, सरकारनं कारवाई थांबवली. ढाबा वाचला, पत्र्याची खोलीही वाचली, आणि गायरान कुठून कुठपर्यंत हे मोजायचं राहूनच गेलं.

इथं दोन बाजू नेहमी भांडतात. एक म्हणते, गायरान म्हणजे हिरवळ, सगळं मोकळं करा. दुसरी म्हणते, गरिबाच्या घराला हात लावू नका, सगळं नियमित करा. दोघांनाही वाटतं की घर आणि झाड यांच्यात एकच निवडायचं आहे. पण कलम २२ च्या यादीत चराई आणि गावठाण दोन्ही आहेत, एका ओळीत. कायदा करणाऱ्यांना दोन्ही हवं होतं. नकाशा काढला नाही म्हणून ते एकमेकांच्या अंगावर आले.

आणि चाऱ्याचा हिशोब तर कोणी मांडतच नाही. पारनेर दुष्काळी तालुका. २०१३ ला, २०१९ ला नगर जिल्ह्यात चारा छावण्या लागल्या. २०१९ मध्ये मोठ्या जनावरामागं दिवसाला शंभर रुपयांपर्यंत दर गेला होता. गायरान राखायला पैसे नसतात, छावणीला असतात. आता गायरानावर नवा दावेदार आलाय, सौर प्रकल्प. दिवसा शेतीला वीज मिळणार असेल तर त्याला माझा विरोध नाही. फक्त ग्रामसभेला विचारा, आणि मेंढपाळाला आधी विचारा.

*कुंपणाच्या आत आणि बाहेर*

आता सुप्याकडं. इथं एमआयडीसी आली, नंतर वाढली, जपानी कंपन्यांसाठी वेगळा पट्टा ठरला. भारतात जपानी उद्योगनगरींची जी यादी आहे त्यात सुप्याचं नाव आहे. चांगलं झालं. तालुक्यातल्या पोरांना पुण्याला न जाता काम मिळालं, वडापावच्या गाडीपासून ट्रान्सपोर्टपर्यंत धंदे उभे राहिले.

पण एक फरक बघा. एमआयडीसी ही १९६१ च्या कायद्यानं झालेली संस्था आणि तिच्या हद्दीत तीच नियोजन प्राधिकरण. म्हणून कुंपणाच्या आत रस्त्याची रुंदी ठरलेली आहे, प्लॉटला मोकळी जागा आहे, झाडं लावायची अट आहे, पाण्याची लाइन आहे, सांडपाण्याची सोय आहे. कुंपणाच्या बाहेर सुपा, हंगा, वाघुंडे, पळवे, आपधूप. कामगार शिफ्ट संपवून राहायला इकडं येतो. दहा बाय दहाच्या खोल्यांची चाळ, एका नळावर आठ बिऱ्हाडं, पोरांना खेळायला डांबरी रस्त्याची कड. यंत्रासाठी नियोजन झालं, माणसासाठी राहून गेलं. ही चूक कुठल्या कंपनीची नाही. कारखान्याची जागा ठरवताना तिथं येणारी माणसं कुठं राहतील हा प्रश्न ज्यांनी विचारायचा होता त्यांनी विचारला नाही.

घराची मागणी आली की गुंठेवारी येतेच. १९४७ चा तुकडेबंदी कायदा शेताचे तुकडे पाडू नका म्हणतो. २०२३ पासून प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला २० गुंठे, बागायतीला १० गुंठे. पण घर बांधायला कोणाला वीस गुंठे लागतात? मग नोटरीवर व्यवहार, स्टॅम्पवर व्यवहार, दहा जणांच्या नावे एक खरेदीखत. सरकारनं जुलै २०२१ मध्ये परिपत्रक काढून अशा दस्तांची नोंदणी रोखली, मे २०२२ मध्ये औरंगाबाद खंडपीठानं ते परिपत्रक रद्द केलं. २०२५ मध्ये सरकारनं ठरावीक भागांतले १५ ऑक्टोबर २०२४ पर्यंतचे असे व्यवहार नियमित करायचा निर्णय घेतला. ज्यानं आयुष्याची कमाई गुंठ्यात घातली त्याला दिलासा मिळाला, मिळायलाच हवा होता. पण व्यवहार नियमित झाला तरी त्या वस्तीत नऊ फुटी बोळ तसाच राहतो. तिथं अग्निशमनची गाडी सोडा, मयताची तिरडी वळवताना खांदेकरी भिंतीला घासतात.

नियम नाहीत असं नाही. डिसेंबर २०२० मध्ये राज्यासाठी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली. तिच्यात ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या लेआउटला दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते. आता हिशोब करा. एक एकर म्हणजे ०.४०४७ हेक्टर. चाळीस गुंठ्यांत दहा टक्के म्हणजे चार गुंठे मैदान. विकणाऱ्यानं ३८ गुंठ्यांचा लेआउट केला तर शून्य. शेजारच्याच रानात वर्षभरानं आणखी ३८ गुंठे, परत शून्य. अशा पाच लेआउटांची मिळून वस्ती झाली दीडशे घरांची आणि पोरांना खेळायला एक गुंठा नाही. प्रत्येक कागद बरोबर, आणि गाव चुकलं.

महसूल कायद्याच्या ४२-ड कलमानं गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन राहण्यासाठी अकृषिक करणं सोपं केलंय. हेतू चांगला. पण त्या २०० मीटरच्या पट्ट्यात रस्ता कुठून जाणार, ओढा कुठं मोकळा ठेवायचा, याचा नकाशा कोणी काढला? सुप्यासारख्या गावात पुढच्या वीस वर्षांची वाढ त्याच पट्ट्यात होणार आहे.

घरकुलाचंही बघा. सर्वसाधारण भागात पंतप्रधान आवास योजनेचं अनुदान १ लाख २० हजार. जागा नसलेल्याला पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून ५०० चौरस फुटांपर्यंत जागा घ्यायला आधी ५० हजार मिळत, पुढं ते १ लाख केले. म्हणजे अर्ध्या गुंठ्याला लाख रुपये. हायवेकडेच्या गावात या पैशात जागा दाखवणारा एजंट भेटला तर मलाही कळवा.

*लांब जायला नको*

'गावाला कुठं जमतंय नियोजन' असं म्हणणाऱ्यांसाठी दोन नावं पुरेत, आणि दोन्ही आपल्या शेजारची. राळेगणसिद्धीत १९७५ नंतर अण्णा हजारेंबरोबर गावानं पाणी अडवलं, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी केली. हिवरे बाजारनं १९८९ पासून पोपटराव पवारांच्या काळात तेच पुढं नेलं : माळ राखला, चर खोदले, बोअरवेलवर बंदी घातली, आणि बाहेरच्यांना जमीन विकायची नाही असं गावानं ठरवलं. चराईबंदी म्हणजे गवत बंद असा अर्थ नव्हता. गुरं माळावर मोकळी सोडायची नाहीत, गवत कापून न्यायचं. माळ परत हिरवा झाला तो त्यामुळं.

दोन्ही गावांबद्दल टीका करण्यासारखं असेल, करावी. पण त्यांनी एक केलं. आपली सामाईक जमीन कोणती, ती कशी वापरायची, हे ग्रामसभेत बसून ठरवलं. हिवरे बाजारजवळ एमआयडीसी नाही, सुप्याजवळ आहे. म्हणून सुप्याला त्यांची नक्कल करून चालणार नाही. पण ठरवायला तर कोणी अडवलेलं नाही ना?

*मग करायचं काय?*

मी काही नगररचनाकार नाही. बातमीदार आहे, कागद मागायची सवय आहे. म्हणून कागदापासून सुरुवात करू.

पहिलं, तलाठ्याकडून (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) गाव नमुना १-ब मागा, त्यात सरकारी जमिनी असतात. नमुना १-इ मागा, त्यात अतिक्रमणं असतात. निस्तार पत्रक मागा, त्यात गावाचा चराईचा, जळणाचा, वापराचा हक्क लिहिलेला असायला हवा. कायद्याचं कलम १६१ आहे. 'सापडत नाही' म्हटलं तर तसं लेखी घ्या.

दुसरं, गायरानाची मोजणी करून हद्दीचे दगड बसवायला लावा. त्यानंतर अतिक्रमणाची दोन याद्या करा : राहतं घर असलेल्या भूमिहीनांची वेगळी, हॉटेल-गोडाऊन-गाळ्यांची वेगळी. पहिल्या यादीसाठी एकाच बाजूला, रस्ता आणि मोकळी जागा सोडून गावठाण विस्ताराचा प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांकडं पाठवा. आणि तो विस्तार परत 'कुसाबाहेर', ओढ्याच्या खालच्या अंगाला ढकलू नका. दुसऱ्या यादीचं काय करायचं ते सांगायची गरज नाही. उरलेला माळ गवत आणि झाडांसाठी राखा.

तिसरं, २०० मीटरच्या पट्ट्याचा साधा नकाशा ग्रामपंचायतीनं करून घ्यावा. गावठाणाचे ड्रोन नकाशे स्वामित्व योजनेत झालेच आहेत किंवा होत आहेत. आपल्याच राज्यात पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीपासून हा प्रयोग सुरू झाला होता. त्या नकाशावर पुढचे रस्ते, ओढे आणि एक मैदान आखायला फार पैसे लागत नाहीत. दरवर्षीच्या ग्रामपंचायत विकास आराखड्यात पेव्हर ब्लॉकचं एक काम कमी केलं तरी भागेल. आणि परवानगी मागणारा प्रत्येक लेआउट, ३८ गुंठ्यांचा असो की ४० चा, त्या नकाशाला जोडूनच मंजूर करा.

सुप्याची लवकरच नगरपंचायत होईल, मग आराखडा होईलच, असं बरेच जण म्हणतात. होईल तेव्हा होईल. पण आराखडा करणारा अधिकारी येईल तेव्हा त्याला मैदानासाठी दाखवायला जागा शिल्लक पाहिजे. घर उभं राहिल्यावर त्यावर 'उद्यान आरक्षण' टाकलं की कोर्टकचेरी होते, उद्यान होत नाही. शहरांत आपण ते पाहतोच आहोत.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. वर्षातून चार वेळा ग्रामसभा भरते आणि बहुतेक वेळा कोरमअभावी तहकूब होते. पुढच्या सभेला नमुना १-ब ची नक्कल खिशात घालून जा, आणि वाचून दाखवायला सांगा. आपलं गायरान किती एकर होतं आणि आज किती आहे, एवढा एकच प्रश्न इतिवृत्तात नोंदवून घ्या.

मिळालेलं उत्तर इथं कमेंटमध्ये टाका. पारनेर तालुक्यातल्या जेवढ्या गावांची उत्तरं येतील तेवढी एकत्र करून मी छापीन.